वित्त कंपनीतली आयटीची नोकरी : पगार घ्या, प्रश्नही विचारा

बुलडाणा जिल्ह्यातून शिकलेली आपली मुले-मुली पुण्या-मुंबईच्या बँका आणि फायनान्स कंपन्यांच्या आयटी विभागांत जात आहेत. काही कार्यकर्ते त्याला भांडवलदारांची चाकरी म्हणतात. मला ते मान्य नाही.

फायदा उघड आहे. नियमित पगाराने घरावरचे सावकारी कर्ज फिटते, धाकट्यांचे शिक्षण होते. पैसा कसा फिरतो, हे आतून कळते. बाबासाहेबांचा ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ १९२३ साली आला. अर्थव्यवहार आपल्याला परका नाही.

तोटेही ओळखा. संविधानाचे कलम १६(४) सरकारी नोकरीपुरते आहे; खासगी कंपनीत आरक्षण नाही. बढती साहेबाच्या मर्जीवर. सर्व्हर बंद पडला की मध्यरात्री फोन येतो. वारंवारच्या बिघाडांमुळे डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने एचडीएफसी बँकेच्या नव्या डिजिटल योजना थांबवल्या होत्या. अशा वेळी ताण कुणावर येतो, हे सांगायला नको.

पण खरा प्रश्न पुढे आहे. कर्जाचा अर्ज आता अनेक ठिकाणी आधी सॉफ्टवेअर तपासते. त्याच्या निकषांत पिनकोड घातला, तर वस्तीचा पत्ताच जातीचे काम करतो. जात न विचारता नकार देता येतो आणि पुरावाही उरत नाही. निकष ठरवणाऱ्या बैठकीत त्या वस्तीतला कुणी नसेल, तर आक्षेप कोण घेणार?

म्हणून तिथे जा. आक्षेप तोंडी नको, मेलवर नोंदवा. मागून येणाऱ्यांना मुलाखतीसाठी तयार करा. आणि आपण बाहेरच्यांनी खासगी क्षेत्रातील आरक्षणाची लढाई सोडता कामा नये. एकट्या इंजिनिअरच्या खांद्यावर समाजाचे ओझे टाकणे हाही अन्यायच आहे.

जय भीम!