उत्तर जुळलं म्हणजे सूत्र बरोबर? इलेक्ट्रॉनच्या हिशोबातला वाद समजून घ्या

इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये रीडिंग जुळेना झालं की आम्ही एक युक्ती करायचो. आधी उत्तर लिहायचं, मग त्याला बसतील अशी रीडिंग जर्नलमध्ये भरायची. सही मिळायची, प्रयोग मात्र कळलेला नसायचा. बॅटरी आणि सोलर सेलसाठीचे पदार्थ कॉम्प्युटरवर तपासणाऱ्या शास्त्रातही काहीसा असाच वाद आहे.

डीएफटी म्हणजे काय?

डेन्सिटी फंक्शनल थिअरी. प्रत्येक इलेक्ट्रॉनचा वेगळा हिशोब ठेवण्याऐवजी ते कुठे किती दाट आहेत, यावरून पदार्थाची ऊर्जा काढायची. १९६४-६५ मध्ये वॉल्टर कोह्न आणि सहकाऱ्यांनी याचा पाया घातला. कोह्न यांना १९९८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मग अडतं कुठे?

सारख्या स्पिनचे इलेक्ट्रॉन एकमेकांच्या जवळ येणं टाळतात. त्यामुळे ऊर्जेत जी घट होते, ती ढोबळमानाने एक्स्चेंज ऊर्जा. ती नेमकी काढता येते, पण मोठ्या पदार्थांसाठी ते गणित फार वेळ खातं. म्हणून घनतेवरून अंदाज बांधणारी सूत्रं वापरतात.

अंदाज असला तरी काही नियम पक्के आहेत:

• ही ऊर्जा कधीच धन नसते.
• इलेक्ट्रॉनचा ढग लांबी, रुंदी, उंची तिन्हींत निम्मा केला, तर ती बरोबर दुप्पट व्हायला हवी.
• घनता सगळीकडे सारखी असेल, तर डिरॅक यांनी १९३० मध्ये काढलेलं उत्तरच यायला हवं.
• एकच इलेक्ट्रॉन असेल, तर 'तो स्वतःलाच ढकलतो' हा हिशोबात शिरलेला घोळ पूर्ण पुसला जायला हवा.

शेवटचा नियम साध्या सूत्रांना पूर्णपणे पाळता येत नाही.

वाद काय आहे?

एक गट नियमांवरून सूत्र बांधतो. १९९६ चं पीबीई हे सूत्र याच वाटेवरचं. २०१५ चं स्कॅन तर त्याच्या प्रकारच्या सूत्राला पाळता येतील असे सगळे १७ ज्ञात नियम पाळतं. दुसरा गट सूत्रात बरेच आकडे मोकळे ठेवतो आणि माहीत असलेल्या उत्तरांशी ते जुळवतो.

२०१७ मध्ये 'सायन्स'मध्ये एक अभ्यास आला. त्यात १२८ सूत्रं १४ अणू आणि आयनांवर तपासली होती. ऊर्जेची उत्तरं सुधारत गेली होती. पण २००० नंतरच्या काही वर्षांत घनतेची उत्तरं बिघडू लागली होती. त्याचा रोख जुळवाजुळवीवर होता. इतक्या लहान अणूंवरून एवढा मोठा निष्कर्ष काढावा का, अशी टीकाही झाली.

माझं मत

टीकेत तथ्य आहे. ओळखीच्या रेणूंसाठी जुळवलेली सूत्रं उपयोगी पडतात, हेही खरं. पण कधीच न बनलेल्या पदार्थाचं उत्तर कुठल्याच यादीत नसतं. तिथे जुळवणार कशाशी? तिथे हाताशी उरतात ते नियमच.

एआयच्या काळात हे जास्त महत्त्वाचं आहे. डीपमाइंडने २०२१ मध्ये न्यूरल नेटवर्कचं सूत्र आणलं, तेव्हा अपूर्णांकी विद्युतभार आणि स्पिनचे नियमही त्याला उदाहरणांतून शिकवले होते. म्हणजे मशीनलाही नुसता डेटा पुरला नाही.

म्हणून पुढच्या वेळी 'एआयने नवा पदार्थ शोधला' अशी बातमी आली, तर उत्तर किती जुळलं एवढंच विचारू नका. नियम कोणते पाळले, तेही विचारा. आमच्या जर्नलवर सही करणाऱ्या सरांनी हे विचारलं असतं, तर आमची चोरी पहिल्याच पानावर पकडली गेली असती.