महाडचा निकाल आपल्या पोरांना का माहीत नाही?

२० मार्च १९२७ ही तारीख आपल्या वस्तीतलं शेंबडं पोरही सांगतं. आता १७ मार्च १९३७ विचारून बघा. भाषण ठोकणारेही गप्प होतात. त्या दिवशी चवदार तळ्याचा खटला मुंबई उच्च न्यायालयात आपण जिंकलो. सत्याग्रहानंतर दहा वर्षं कोर्टात झुंजावं लागलं.

तो खटला घोषणांनी जिंकलेला नाही. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची रूढी अनादी काळापासून चालत आली आहे, असा वादींचा दावा होता. कळीचा प्रश्न एकच होता : 'अनादी' याला पुरावा काय? तो त्यांना देता आला नाही. दावा कोसळला.

कायद्याच्या शिक्षणाची तयारी म्हणजे हीच नजर तयार करणं. आणि ती बारावीच्या निकालानंतर तयार होत नाही.

आपल्या उंब्रज-कराड पट्ट्यात काय चालतं? दहावीनंतर मिळेल ती शाखा, बारावीनंतर पोलीस भरती नाहीतर बी.ए., आणि काहीच जमलं नाही तर "एलएलबी करून टाक". बाबासाहेबांना अभिमानाने बॅरिस्टर म्हणायचं आणि वकिली ही उरलेल्यांची वाट समजायची, हा दुटप्पीपणा नाही का?

कोणी म्हणेल, राखीव जागा आहेत की! आहेतच. पाच वर्षांच्या अभ्यासक्रमासाठी अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना बारावीत ४० टक्के पुरतात. पण आपली मुलं अडतात ती टक्क्यांवर नाही. राज्याची सीईटी मराठीतूनही देता येते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांची क्लॅट मात्र फक्त इंग्रजीत. दोन तास, १२० प्रश्न, तेही लांबलचक उताऱ्यांवर. उतारा वाचायचा, त्यातला नियम ओळखायचा आणि नव्या प्रसंगाला लावायचा. तिथे गाईडचं पाठांतर कामाला येत नाही. दुसरा म्हणेल, पुण्यात क्लास लावू. ज्याला वाचता येतं त्याला क्लास वेग देतो. ज्याने दोन वर्षं उतारा वाचलाच नाही, त्याला क्लास फक्त पावती देतो.

हा प्रश्न नुसता करिअरचा नाही. ॲट्रॉसिटी कायद्याच्या कलम ३(१)(आर) मध्ये अपमान 'लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी' झाला पाहिजे, अशी अट आहे. चार भिंतींच्या आत, बाहेरचं कोणी हजर नसताना झालेला प्रकार त्यात बसत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा खटल्यात २०२० साली सांगितलं. म्हणजे घटना कुठे घडली, कोण उभं होतं, कोणी ऐकलं, हे फिर्यादीत नीट आलं नाही तर खरा अपमानही कोर्टात टिकत नाही. वस्तीत हे ओळखणारं एक माणूस नको?

१८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतं. सातारा, सांगलीसह सहा जिल्हे त्याखाली आले. न्यायालय मुंबईहून आपल्या महामार्गावर आलं. तिथे आपण फक्त पक्षकार म्हणूनच जायचं का?

जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च बाजूला काढा. त्यात अकरावी-बारावीच्या मुलांसाठी वर्षभराची इंग्रजी वर्तमानपत्रं, संविधानाच्या प्रती आणि नवी न्याय संहिता येईल. १ जुलै २०२४ पासून आयपीसीची जागा तिने घेतली, तरी जुनी गाईडं अजून हातात आहेत. दर रविवारी विहारात दोन तास बसा. एक कलम, एक निकाल, एक इंग्रजी अग्रलेख. कराड कोर्टातल्या आपल्या वकिलांनी आळीपाळीने यावं. समाजाचं देणं सत्काराच्या शालीने फिटत नाही.

आणि एक अवघड गोष्ट करा. महाडच्या खटल्यात मुलांना वादींची बाजू मांडायला लावा. राग येईल, येऊ द्या. समोरच्याचा युक्तिवाद त्याच्याहून चांगला मांडता आला, की तो मोडायचा कुठे हे कळतं. आपण पोरांना घोषणा द्यायला शिकवलं. उलटतपासणी घ्यायला कधी शिकवणार?

संविधानाची उद्देशिका प्रत्येक पाठ्यपुस्तकात छापलेली आहे. ती म्हणून झाली. आता ती कोर्टात वापरणारी पिढी घडवू.

जय भीम! जय संविधान!