जुन्नरचा छापा : जमा आणि खर्च

शिवजयंतीला शिवनेरीवर जमणाऱ्या कार्यकर्त्यांनी पायथ्याच्या जुन्नरचाही विचार करावा. १६५७ च्या एप्रिलअखेर शिवरायांनी मोगलांच्या या पेठेवर रात्री छापा घातला. ३ लक्ष होनांची मालमत्ता व २०० घोडे मिळाले, असे सभासद बखर सांगते. मोगल-विजापूर युद्ध हे निमित्त. मूळ कारण आर्थिक होते. नवजात राज्याला खजिना हवा होता, घोडदळ हवे होते आणि नाणेघाटाच्या व्यापारावर जुन्नर संपन्न होते. परिणाम? औरंगजेबाने स्वराज्यातील गावे उद्ध्वस्त करण्याचे हुकूम सोडले. पुढे शहाजहानच्या आजारपणाने त्याचे लक्ष दिल्लीकडे वळले. शिवनेरी मात्र महाराजांच्या हयातीत स्वराज्यात आला नाही. युद्धाची जमा राज्याच्या खात्यावर चढते, खर्च रयतेच्या नावे पडतो. जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्यापुढे आपण हा पुरा हिशेब मांडला पाहिजे.