आधी कॉलेजने विश्वास टाकावा

बारावीनंतर गाव सोडून आलेल्या मुलाकडून कॉलेज पहिल्याच आठवड्यात काय काय लिहून घेतं? रॅगिंग करणार नाही याचं हमीपत्र, पालकांचं वेगळं हमीपत्र, ७५ टक्के हजेरी भरेल याची कबुली, मध्ये वर्ष गेलं असेल तर प्रतिज्ञापत्र. रॅगिंगविरोधी हमीपत्र विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांनीच सक्तीचं केलं आहे आणि ते हवंच. पण बदल्यात कॉलेज त्या मुलाला कसली हमी देतं? पुण्यात पहिल्या वर्षाला रसायनशास्त्र शिकवताना हा प्रश्न मला दर जूनमध्ये छळतो.

मूळ कागदपत्रांचंच घ्या. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला समोर तपासून लगेच परत करा आणि स्वतः साक्षांकित केलेल्या प्रती ठेवा, असं आयोगाने ऑक्टोबर २०१८मध्येच सांगितलं आहे. तरी हिंगोलीकडच्या माझ्या एका विद्यार्थिनीची मूळ गुणपत्रिका तिच्या आधीच्या कॉलेजात अडकली होती. खिडकीवर रोज एकच उत्तर मिळायचं, ‘साहेब नाहीत, सोमवारी या.’ वडील रोजगार बुडवून सोबत यायचे. खिडकीवर जे शिकायला मिळतं, तेच घेऊन मुलं वर्गात येतात. इथे कुणाला काही विचारायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा असतो.

त्याचा परिणाम मला प्रयोगशाळेत दिसतो. टायट्रेशनला ब्यूरेटवर ९.८ दिसत असतं, पण शेजारच्याचं १०.२ आलंय म्हणून मुलगा आपलं खोडून १०.२ लिहितो. जर्नलमध्ये तिन्ही वेळची रीडिंग तंतोतंत सारखी! ही लबाडी नव्हे, भीती आहे. चुकलेलं रीडिंग दाखवलं तर मार्क जातील, सगळ्यांदेखत बोलणी बसतील, ही भीती. मी जर्नलमध्ये खाडाखोड न केलेल्या रीडिंगला मार्क देते. चुकलं असेल तर का चुकलं ते शेजारी लिहायला लावते. दिवाळीच्या सुमाराला मुलं आपणहून म्हणू लागतात, ‘मॅडम, रंग जास्त गडद झाला, पुन्हा करू?’ खरं शिकणं तिथून सुरू होतं.

नव्या शैक्षणिक धोरणाने मुख्य विषय, उपविषय, खुले विषय असे पर्याय समोर ठेवले. चांगलंच आहे. पण ज्याच्या घरातून आजवर कुणी कॉलेजची पायरी चढलं नाही, त्याने ते निवडायचे कुणाच्या भरवशावर? २०१९पासून नवागतांसाठी ‘दीक्षारंभ’ हा परिचय कार्यक्रम आहे, मेंटॉर योजना आहे. मात्र नॅक मूल्यांकनाच्या फाइलसाठी एका बैठकीत शंभर सह्या गोळा केल्या की मेंटॉर फक्त कागदावर उरतो.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. मूळ कागदपत्रं त्याच दिवशी परत द्या. शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडलाय, हे मराठीत, समजेल असं सांगणारा एक माणूस नेमा आणि त्याचं नाव फलकावर लावा. मेंटॉरकडे वीसच मुलं द्या आणि त्यांच्याशी बोलण्याच्या तासिका त्याच्या कामाच्या तासांत धरा.

मुलगा अठरा वर्षांचा आहे, शहरात नवा आहे, आणि प्रवेश, गुण, दाखला सगळं कॉलेजच्या हातात आहे. ज्याच्या हातात जास्त, त्यानेच विश्वासाची सुरुवात करायची असते.