वसुबारस आणि दुधाची पिशवी

शहरातील मुलाला ‘दूध कोठून येते?’ असे विचारले की ते ‘पिशवीतून’ म्हणते आणि घरातील मोठी माणसे कौतुकाने हसतात. हा हसण्याचा विषय नाही. वसुबारसेला सवत्स धेनूचे पूजन करणाऱ्या, गाईला माता म्हणणाऱ्या घरातील हे मूल आहे. त्या मातेविषयी त्याला एवढेच ठाऊक असेल, तर दोष मुलाचा नव्हे. संस्कार करणाऱ्यांचा आहे.

‘गाय आपल्याला दूध देते’ हे शाळेतील वाक्यही अर्धसत्य आहे. गाईला दूध येते ते वासरासाठी. नऊ महिने गाभण राहून ती विते. तिचा पहिला चीक वासराला रोगांपासून वाचवतो. मग पान्ह्यातील वाटा माणूस घेतो. पुढच्या वेताआधी साधारण दोन महिने तिला आटवावे लागते. त्या भाकड काळातही ती वैरण, पेंड, पाणी मागतेच. वसुबारसेला गाईचे दूध-तूप वर्ज्य मानणाऱ्या रूढीत वासराच्या हक्काची जाण आहे. आम्ही रूढी सांभाळली आणि जाण गमावली.

ही जाण ज्यांच्यापाशी आजही आहे, त्यांची आम्ही काय कदर केली? म्हसवड, दहिवडी, आटपाडीचा माणदेश हा पर्जन्यछायेतील मुलूख. खिलार जनावरांसाठी नावाजलेला. २०१२-१३ आणि २०१८-१९ च्या दुष्काळांत येथील कुटुंबे घराला कुलूप लावून जनावरांसह चारा छावण्यांत राहिली. २०१९ मध्ये शासनाने मोठ्या जनावरामागे दिवसाचे अनुदान ९० रुपयांवरून १०० रुपये केले. पण दावणीपाशी काढलेल्या रात्रींचा हिशेब कोणत्याही अनुदानात बसत नाही. अशा घरातील दहा वर्षांच्या मुलाला गाय कधी विणार, कास का सुजली, फॅट का उतरली हे कळते. त्या मुलाला आमचे सुशिक्षित जग काय ऐकवते? ‘अभ्यास केला नाहीस, तर गुरे राखावी लागतील!’ सकाळी गोपूजन आणि दुपारी गोपालकाची अवहेलना, ही विसंगती आम्हाला बोचत का नाही?

जुलै २०१८ च्या आंदोलनात दूध रस्त्यावर ओतले गेले, तेव्हा शहरांत ‘केवढी ही नासाडी’ एवढीच हळहळ उमटली. जुलै २०२३ मध्ये शासनाने गाईच्या दुधाला लिटरमागे किमान ३४ रुपये दर ठरवला. प्रत्यक्षात दर कोसळले आणि जानेवारी २०२४ मध्ये लिटरमागे ५ रुपयांचे अनुदान द्यावे लागले. पिशवीवर छापलेल्या किमतीपलीकडे न पाहिलेल्या पिढीला यातील अन्याय कसा दिसावा?

‘मुलांना कटू गोष्टी कशाला सांगायच्या?’ असे काही पालक म्हणतील. परंतु अर्धी वासरे नर असतात आणि ट्रॅक्टर आल्यापासून बैलांना पूर्वीइतके काम उरलेले नाही, हे लपवून गोरक्षणाचा संस्कार होत नाही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या हत्येलाही बंदी आहे. तिचे स्वागत करणाऱ्या प्रत्येकाने एक प्रश्न स्वतःला विचारावा : त्या जनावराची वैरण कोण भरतो? सप्टेंबर २०२४ मध्ये देशी गाय ‘राज्यमाता-गोमाता’ घोषित झाली आणि दिवसाला ५० रुपयांचे अनुदान ठरले. पण ते गोशाळांसाठी. दोन गाई बाळगणाऱ्या माणदेशी शेतकऱ्याच्या दारात ते पोहोचत नाही.

म्हणून येत्या सुट्टीत मुलांना एखाद्या गोठ्यावर न्यावे. पहाटेच्या धारेच्या वेळी, छायाचित्रे काढून परतण्यासाठी नव्हे. त्यांनी शेण उचलावे, गव्हाणीत वैरण टाकावी, किटली घेऊन संकलन केंद्रापर्यंत चालावे आणि दुधाला काय दर मिळाला, हे त्या गोपालकालाच विचारावे. शिकवण्याचा अधिकार त्या दिवशी त्याचा असावा. गाईपुढे हात जोडायला आम्ही मुलांना शिकवले आहे. तिला सांभाळणाऱ्यापुढे बसून ऐकायला शिकवणे अजून बाकी आहे.