शाळेच्या ओसरीवरून : ‘बोलेल हो, घाई काय!’

यंदा संक्रांतीनंतर आमच्या इंदूरच्या घराशेजारी एका अडीच वर्षांच्या मुलीचे बोरन्हाण होते. बोरे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे यांचा वर्षाव झाला, आळीतली मुले ती वेचण्यास धावली. उत्सवमूर्ती मात्र पाटावर शांत बसून होती. मागून दोन-तीनदा हाका मारल्या, तरी तिने वळून पाहिले नाही. आत्याबाई म्हणाल्या, “स्वभावच अबोल आहे. तिचा बापसुद्धा तीन वर्षांचा होईपर्यंत बोलत नव्हता.” 

तिळगूळ घेऊन निघालो, तेव्हा मुलीची आजी दारापर्यंत आली. हळूच म्हणाली, “गुरुजी, सहा महिने झाले, नातीशी मी मराठीत बोलायचं नाही असं घरात ठरलंय. दोन भाषांनी मूल गोंधळतं, म्हणून फक्त हिंदी बोलायचं असं कुणी सांगितलं. मला हिंदी येतं हो. पण अंगाई काही हिंदीत येत नाही. मग मी गप्पच बसते.”

मी एवढेच विचारले, “तिचे कान तपासले का?” कान तपासावेत हे कोणाच्या ध्यानातच आले नव्हते.

वाचकहो, हा प्रश्न मला सुचला यात माझे शहाणपण काही नाही. तो मी फार महाग किंमत देऊन शिकलो आहे, आणि ती किंमत दुसऱ्याच्या मुलाने मोजली आहे. १९९८ साली मी तिसरीचा वर्गशिक्षक होतो. शेवटच्या बाकावर एक मुलगा बसे. प्रश्न विचारला की तो शेजाऱ्याच्या तोंडाकडे पाही; श्रुतलेखनात निम्मे शब्द भलतेच लिही. मी त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘बुद्धीने मंद, लक्ष देत नाही’ असा शेरा माझ्या वळणदार अक्षरात लिहिला. पुढे शाळेत आरोग्य शिबिर भरले आणि त्या मुलास दोन्ही कानांनी पुरेसे ऐकू येत नाही असे निष्पन्न झाले. तो तेव्हा आठ वर्षांचा होता. त्याला श्रवणयंत्र मिळाले, तो पुढे शिकलाही; परंतु त्याची हातची गेलेली वर्षे आणि माझा तो शेरा कोणत्याही यंत्राने पुसला गेला नाही.

आपण परप्रांतात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेली मराठी माणसे. इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी, बडोद्यास गुजराती, बेळगावास कन्नड, हैदराबादेस तेलुगू आणि उर्दू, अशा शेजारभाषांच्या संगतीत आपली मुले वाढतात. म्हणूनच मूल उशिरा बोलू लागले की दोष मराठीच्या माथी मारणे आपणांस सोपे जाते. पण हा समज निराधार आहे. दोन भाषा ऐकल्याने मुलाची वाचा अडत नाही. मूल एका वाक्यात ‘पाणी’ म्हणते आणि ‘चिड़िया’ही म्हणते, तो गोंधळ नव्हे, दोन घरांत वावरणाऱ्याची ती सहजता आहे. त्याचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतले एकत्र मोजावेत. खरी अडचण असेल, तर ती दोन्ही भाषांत दिसते. घरची भाषा काढून घेतल्याने ती दूर होत नाही. उलट आजीचे बोलणे तेवढे बंद होते आणि तपासणीचे महिने हातचे जातात.

मग शंका केव्हा घ्यावी? प्रत्येक मुलाची चाल निराळी हे मान्य. तथापि काही खुणा डोळ्यांआड करू नयेत. चार महिन्यांचे मूल मान धरीत नसेल, नऊ महिन्यांचे आधाराशिवाय बसत नसेल, दीड वर्षाचे चालत नसेल. वर्षाचे मूल नावाने हाक मारली असता वळत नसेल, हवी ती वस्तू बोटाने वा हाताने दाखवीत नसेल. दीड वर्षाला एकही अर्थपूर्ण शब्द नसेल, दोन वर्षांला ‘पाणी दे’ असे दोन शब्द जोडीत नसेल, तर तपासणी करावी. आणि जे मूल येत असलेले बोलणे वा हसणे-खेळणे गमावू लागले, त्याच्या बाबतीत वय न पाहता तत्काळ जावे. बोलण्याची शंका असेल तेथे प्रथम कान तपासावेत. भांडे वाजवल्यावर दचकते म्हणजे ऐकू येते, असे समजू नये; मोठा आवाज ऐकू येऊनही बोलण्यातले बारीक ध्वनी निसटू शकतात. झोपलेल्या मुलाचीही श्रवणतपासणी करता येते. ‘बेरा’ म्हणतात ती तपासणी अशीच, मूल झोपलेले असताना होते.

जावे कोठे, हा पुढचा प्रश्न. २०१३ साली केंद्र शासनाने राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्यानुसार वैद्यकीय पथकाने अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शासकीय शाळेत एकदा येऊन मुले तपासावयाची असतात. शंका आढळल्यास मूल जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविले जाते. ही केंद्रे बहुधा जिल्हा रुग्णालयाच्या आवारात असतात. बालरोगतज्ज्ञ, श्रवण व वाचातज्ज्ञ, व्यायामोपचारतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ एकाच ठिकाणी असावेत ही त्यांमागील कल्पना. तेथील तपासणीस शुल्क नाही, आणि अपंगत्वाचा दाखलाही आधी लागत नाही. सर्वच केंद्रांत सर्व पदे भरलेली असतात असे मात्र नाही. म्हणून ‘येथे नसेल तर कोठे?’ असे विचारून, लेखी चिठ्ठी घेऊनच निघावे. आपल्या मध्यवर्गीय घरांना अंगणवाडीची पायरी चढण्याचा संकोच वाटतो. तो सोडावा. तेथील ताईंना या वाटा आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असतात.

जाताना लसीकरणाचे कार्ड, जन्माच्या वेळचे कागद न्यावेत. मूल कोणते शब्द बोलते ते दोन्ही भाषांतले लिहून न्यावेत. घरी खेळताना मोबाइलवर दोन मिनिटांचे चित्रण करून ठेवावे. कारण परक्या खोलीत मूल बिचकते आणि वैद्यांस त्याचे खरे रूप दिसत नाही. सुनेस एकटीस पाठवू नये. मुलाच्या उशिरा बोलण्याचा ठपका घराघरांत आईवरच येतो. निदान तपासणीच्या दिवशी तरी बाप नि आजोबा सोबत असावेत.

बोरन्हाणाच्या त्या मुलीची तपासणी झाली. दोन्ही कानांत दोष निघाला. श्रवणयंत्रे लागली, आठवड्यातून दोनदा वाचा-उपचार सुरू झाले. तेथल्या बाईंनी घरच्यांना सांगितले, “ज्या भाषेत तुम्हांला मनापासून बोलता येतं, त्याच भाषेत भरपूर बोला.” मुलगी अजून वाक्य बोलत नाही; वाट लांबची आहे. परंतु परवा अंगणात आजीने हाक मारली तेव्हा ती वळली, आणि यंत्र कानातून काढून टाकावे म्हणून धडपडलीही. आजी मात्र आता दिवसभर तिच्याशी बोलत असते.

शंका खोटी ठरली, तर आपली एक सकाळ गेली एवढेच. खरी ठरली, तर मुलाचे वर्ष वाचते. ‘बोलेल हो, घाई काय!’ हे वाक्य आपल्या घरात कोणी उच्चारले, तर त्याच आठवड्यात कान तपासून घ्यावेत, ही एका जुन्या शिक्षकाची विनंती. माझ्या त्या शेऱ्याचे एवढे तरी प्रायश्चित्त घडो.