२५ रुपये दंड आणि सात वर्षें

चंद्रकांत काकोडकर यांची ‘श्यामा’ ही कथा ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकांत प्रसिद्ध झाली. ती अश्लील आहे अशी फिर्याद झाली. खालच्या कोर्टानें लेखकास निर्दोष सोडिलें. मुंबई हायकोर्टानें २५ रुपये दंड केला. १९६९ सालीं सुप्रीम कोर्टानें ती शिक्षा रद्द केली. कृति समग्र पाहावी, केवळ कोवळ्या मुलांच्या मापानें वाङ्मय मोजूं नये, हा त्या निकालाचा मथितार्थ. आमच्या नगरच्या आडते बाजारांतील कोणता व्यापारी चार खडे निघाले म्हणून सारें पोतें फेंकून देतो?

परंतु २५ रुपयांच्या दंडापायीं सुमारें सात वर्षें गेलीं, हें विसरून चालणार नाहीं. कथा तोंवर निदान छापलेली होती. चित्रपट तर प्रमाणपत्रावांचून पडद्यावर येतच नाहीं. प्रमाणन मंडळाविरुद्ध अपील ऐकणारें न्यायाधिकरण सरकारनें २०२१ सालीं मोडलें. आतां निर्मात्यास हायकोर्टच गाठावें लागतें. कर्ज काढून चित्रपट करणाऱ्या नगरच्या तरुणानें व्याज भरावें कीं वकील द्यावा? अश्लीलतेस आमचा पाठिंबा मुळींच नाहीं. पण उशिरानें मिळणारें स्वातंत्र्य हें धनिकांचेंच स्वातंत्र्य होय. तें अपिलाचें ठिकाण सरकारनें पुन्हा उभारावें, व निकालास मुदत घालून द्यावी, अशी आमची मागणी आहे.